कोटेशनमधली दुसरी ओळ

पुण्याहून सिंगापूरला नुकतीच आलेली एक मैत्रीण परवा फोनवर म्हणाली, "अगं, एजन्सीने कोटेशन पाठवलंय. हेल्पर म्यानमारची आहे, पगार परवडतोय. पण त्यात 'लोन' म्हणून चार महिन्यांचा पगार लावलाय. मी कुठे लोन घेतलंय?"

तिने नेमक्या ओळीवर बोट ठेवलं होतं. पहिली ओळ एजन्सीच्या सेवाशुल्काची असते आणि ती सगळ्यांना कळते. दुसरी ओळ कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि घरात राहायला येणाऱ्या बाईशी तुमचं पहिल्या वर्षाचं नातं कसं असेल ते तीच ओळ ठरवते. त्या फोनवर तासभर जे बोलले ते इथे जरा नीट मांडते. हे सगळं सिंगापूरचं आहे. दुबई, हाँगकाँग किंवा मलेशियाचे नियम वेगळे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिंगापूरमध्ये परदेशातून आलेल्या, मालकाच्याच घरात राहणाऱ्या सुमारे ३ लाख घरकामगार बायका आहेत. इथल्या बायकांना नोकरीसाठी बाहेर पडता यावं म्हणून १९७८मध्ये सरकारने हा मार्ग उघडला. आज बहुतेक जणी इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि म्यानमार या तीन देशांतून येतात. म्यानमार म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचा ब्रह्मदेश. इंग्रजांनी टिळकांना तिकडे मंडालेला धाडलं आणि तिथला थिबा राजा इकडे रत्नागिरीत आणून बसवला, एवढी आपली जुनी ओळख. बाकी त्या देशाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसतं, आणि त्याच देशातली बाई आपल्या स्वयंपाकघरात उभी राहते.

भारतातल्या मावशींचा अनुभव इथे फार उपयोगी पडत नाही. पोळ्यांच्या मावशी आठला येतात, साडेनऊला जातात, जाताना चार गोष्टी ऐकवूनही जातात. त्यांना जायला स्वतःचं घर असतं, दुसरी चार कामं असतात, आणि पटलं नाही तर त्या उद्यापासून येत नाहीत. इथे यातलं काहीच नाही. हेल्परचा वर्क परमिट एका मालकाला आणि एका पत्त्याला बांधलेला असतो. शेजारणीकडे तासभर पोळ्या लाटायला पाठवलं तरी ते बेकायदा. काम सुटलं की राहण्याची जागाही सुटते आणि देशात राहण्याची परवानगीही. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असतात, आणि तो माणूस म्हणजे तुम्ही.

उचल, पण हातात न पडलेली

बीडकडच्या माणसाला हे लोन समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादम उचल देतो आणि पुढचे पाच-सहा महिने नवरा-बायकोचा 'कोयता' कारखान्यावर राबून ती फेडतो. हेल्परचं लोन म्हणजे अशीच उचल. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की उचल निदान मजुराच्या हातात तरी पडते. तिच्यातून पोरीचं लग्न होतं, घरावर पत्रे चढतात. हेल्परच्या लोनमधला एक डॉलरही तिने पाहिलेला नसतो. गावातला दलाल, यांगोनची (जुन्या रंगूनची) एजन्सी, तिथलं प्रशिक्षण केंद्र, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, तिकीट आणि शेवटी सिंगापूरची एजन्सी अशी ही उतरंड असते. प्रत्येक मडक्यात थोडं थोडं पडत जातं आणि तळाशी तिच्या नावावर कर्ज उरतं.

आकड्यात बघू. समजा, पगार ६०० डॉलर ठरला (इथे डॉलर म्हणजे सिंगापूर डॉलर) आणि लोन चार महिन्यांचं. म्हणजे २४०० डॉलर. ही रक्कम तुम्ही एजन्सीला सुरुवातीलाच भरता आणि मग तिच्या पगारातून वळती करून घेता. म्हणून कोटेशनमध्ये ती 'तुमचा खर्च' वाटत नाही. एजंट हसून सांगतो, "मॅडम, हे पैसे तुमचे परत येणारच आहेत." येतात खरे. पण ते एजन्सीकडून येत नाहीत, तिच्या पहिल्या चार महिन्यांच्या घामातून येतात.

यावर कायद्याचा लगाम अर्धाच आहे. सिंगापूरच्या एजन्सीला तिच्याकडून कराराच्या दर वर्षामागे एका महिन्याचा पगार घेता येतो, आणि करार कितीही वर्षांचा असला तरी जास्तीत जास्त दोन महिन्यांचा. मालकाने सहा महिन्यांच्या आत काम संपवलं तर त्यातली निदान निम्मी रक्कम तिला परत द्यावी लागते. पण ही मर्यादा इथल्या एजन्सीपुरती आहे. म्यानमारच्या बाजूला तिच्या नावावर काय चढतं त्यावर सिंगापूरचा कायदा चालत नाही. म्हणून लोनचा आकडा दोन महिन्यांच्या पुढे गेला की एजन्सीला सरळ विचारा, "यातला तुमचा भाग किती आणि तिकडचा किती? लेखी द्या." देणारी एजन्सी देते. टाळाटाळ करणारी का टाळते, तेही तुम्हाला तिथेच कळतं.

फेडण्याचा वेग मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतो. पहिले चार महिने हातावर खर्चापुरते पैसे टेकवून कर्ज एकदम संपवायचं, ही रूढ पद्धत. कागदावर ती स्वच्छ दिसते. पण ती बाई घर सोडून आली ती दर महिन्याला घरी पैसे पाठवायला. चार महिने काहीच पाठवता आलं नाही की तिकडून फोन सुरू होतात, धाकट्या भावाची फी, आईचं औषध. मग इकडे भाताला करप लागतो आणि आपण म्हणतो, हिचं लक्ष नाही. आम्ही कर्ज आठ महिन्यांत विभागलं. दर महिन्याला ३०० कापायचे, ३०० तिच्या हातात. आमचे पैसे चार महिने उशिरा परत आले, एवढाच तोटा. एजंटला ते आवडलं नाही. "अशाने त्या डोक्यावर बसतात," असं तो म्हणाला होता. (हेच वाक्य मी लहानपणी आमच्या गल्लीत मोलकरणींबद्दल ऐकलंय. दलालांची भाषा सगळीकडे सारखीच.) अशी विभागणी करायची तर ती लिहून काढा, दोघांनी सही करा, आणि दर महिन्याला किती कापलं, किती दिलं, किती उरलं याची वही ठेवा. पगाराची नोंद ठेवणं तसंही मालकावर बंधनकारक आहे.

काही एजन्सींकडे हा सगळा भार मालकच उचलतो आणि बाई पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार घेते. अर्थात सुरुवातीची रक्कम मोठी दिसते. परवडत असेल तर विचारून बघा. माझ्या मते तोच सरळ व्यवहार आहे.

सरकारला जाणारे पैसे

हा भाग कोरडा आहे, पण हिशेबात धरा. दर महिन्याला सरकारला लेव्ही भरावी लागते: पहिल्या हेल्परसाठी ३०० डॉलर, दुसरी ठेवलीत तर तिच्यासाठी ४५०. घरात सोळा वर्षांखालचं मूल किंवा ६७च्या पुढचे वृद्ध असतील तर ती ६० डॉलर होते, असं तुम्ही ऐकाल आणि खूश व्हाल. पण ती सवलत सिंगापूरच्या नागरिकांच्या कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्या आपल्यासारख्यांना ३००च पडतात. म्हणजे ६०० पगाराची बाई महिन्याला ९००ला पडते, शिवाय जेवणखाण, औषधपाणी आणि विमा. आणि लेव्ही ही तुमची जबाबदारी. "सरकारला एवढे भरतो म्हणून पगार थोडा कमी" हा हिशेब चालत नाही.

शिवाय ५००० डॉलरचा सिक्युरिटी बाँड असतो. ती रक्कम रोख ठेवावी लागत नाही, विमा कंपनी हमी देते. मालकाने नियम मोडले किंवा तिला परत पाठवण्याची जबाबदारी पाळली नाही तर ती जप्त होऊ शकते. वैद्यकीय विम्याची किमान मर्यादा २०२३च्या जुलैपासून वर्षाला ६०,००० डॉलर झाली. आधी ती फक्त १५,००० होती, आणि एक साधं ऑपरेशन निघालं की मालकाचं दिवाळं निघायचं. आता १५,०००च्या वरच्या खर्चातला एक चतुर्थांश मालकाला आणि बाकीचा विमा कंपनीला, अशी वाटणी आहे. थोडक्यात, विमा असला तरी आजारपणाचा खर्च शेवटी तुमच्याच दारात येतो. "तिच्या दुखण्याचे पैसे तिच्या पगारातून" असं कुणी सुचवलं तर ते बेकायदा आहे.

पहिल्यांदाच हेल्पर ठेवणाऱ्या मालकाला सुमारे तीन तासांचा एक वर्ग करावा लागतो, घरबसल्याही करता येतो. नवऱ्याने तो क्रिकेट बघत बघत उरकला. मी त्याला पुन्हा बसवला असता, पण प्रमाणपत्र आलं होतं. तिच्यासाठीही आल्या आल्या एक दिवसाचा वर्ग असतो: उंच इमारतीत काम कसं करायचं, पगार किंवा वागणुकीबद्दल तक्रार कुठे करायची, वगैरे.

बायोडेटा आणि तो फोन

एजन्सी आधी बायोडेटा पाठवते. आपल्याकडे बायोडेटा म्हटलं की स्थळ, त्यामुळे आपण तो नकळत त्याच नजरेने वाचतो: उंची, वजन, भावंडं किती, धर्म कोणता. इथल्या नमुन्यात हे सगळं खरंच असतं. शिवाय डुकराचं मांस हाताळेल का, गोमांस हाताळेल का, कुत्रा चालेल का, असेही रकाने असतात. म्यानमारच्या बायोडेट्यात एक गोष्ट गोंधळात टाकते. तिकडे बहुतेकांना आडनाव नसतंच. नावाआधी 'मा' दिसला तर ते नाव नव्हे. तरुण बाईला आदराने लावायचा तो शब्द आहे, मूळ अर्थ थोरली बहीण, म्हणजे आपली ताईच. मोठ्या वयाच्या बाईला 'डॉ' (डॉक्टर नव्हे) लावतात. पहिल्याच दिवशी तिला विचारा, तुला काय म्हणून हाक मारू? एजंटने सोयीसाठी लावून दिलेलं 'मेरी' किंवा 'रोझ' चालवून घेऊ नका.

'बर्मीज' हा शब्दही फसवा आहे. बमार, चिन, काचिन, करेन, शान, मोन असे कितीतरी समाज त्या एका पासपोर्टखाली येतात. चिन डोंगरातली बाई बहुधा ख्रिश्चन असते आणि तिची भाषा मिझोरामच्या मिझोला जवळची. तिच्यासाठी बर्मीज हीच शाळेत शिकलेली दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. मग तुमचं मराठमोळं इंग्रजी तिला पहिल्या महिन्यात किती कळत असेल, तुम्हीच बघा.

व्हिडिओ कॉलवर ती "येस मॅडम, कॅन मॅडम" म्हणेल. प्रशिक्षण केंद्रात ते पाठ करून घेतलेलं असतं. 'जमेल का' हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी. त्याऐवजी विचारा: घरी सकाळी उठल्यावर तू पहिलं काय करतेस? भात कसा शिजवतेस? लहान मूल रडायला लागलं तर? दुभाषाला मध्ये पडू देऊ नका, ती अडखळली तरी चालेल. आणि तुमचीही बाजू खरी सांगा. घरात आठ माणसं असतील, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतील, तर ते फोनवरच सांगा. खोटा बायोडेटा जसा तिकडून येतो तसा इकडूनही जातो.

वयाबद्दल मात्र विशेष सावध राहा. पहिल्यांदा येणारी बाई किमान २३ वर्षांची आणि आठ इयत्ता शिकलेली हवी, हा सिंगापूरचा नियम. पासपोर्टवर २३ असतंच. चेहऱ्यावर कधी कधी १७ असतं.

हे १७ मी हवेतून घेतलेलं नाही. २०१८च्या जूनमध्ये सिंगापूरच्या एका घरात म्यानमारच्या हेल्परने सत्तर वर्षांच्या आजींचा चाकूने खून केला. आजी मालकाच्या सासूबाई, भारतातून लेकीकडे राहायला आलेल्या. हेल्परच्या पासपोर्टवर वय २३ होतं, प्रत्यक्षात ती १७ वर्षांची निघाली. वय वाढवून सांगायला तिला तिकडच्या एजंटने सांगितलं होतं. आजींनी मारल्याचं तिने कोर्टात सांगितलं, आणि त्या दिवशी 'तुला एजंटकडे परत पाठवते' असं तिला ऐकवलं गेलं होतं. ती आधीच दोन घरांतून परत गेलेली होती आणि डोक्यावर कर्ज होतं. २०२३मध्ये तिला जन्मठेप झाली. गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आत असल्यामुळे फाशी टळली. खुनाचं समर्थन कुणीच करणार नाही. पण एजंटकडे पाठवीन हे वाक्य आपण वैतागून, अगदी सहज बोलून जातो. कर्जात असलेल्या मुलीच्या कानाला त्याचा अर्थ वेगळा लागतो. परत जाणं म्हणजे जुनं लोन तसंच, नवा मालक मिळेपर्यंत पगार नाही, आणि मिळाला तर नव्या एजन्सी फीची भर. कोटेशनमधली ती दुसरी ओळ घरात अशी बोलते.

घरात आल्यावर

दुसरं प्रकरण याच्या उलट बाजूचं. २०१६मध्ये २४ वर्षांची एक चिन तरुणी मालकांच्या छळाने मेली. आली तेव्हा वजन ३९ किलो होतं, मेली तेव्हा २४. चौदा महिन्यांत एक सुट्टी नाही, फोन नाही, झोप पाच तास. घर भारतीय वंशाच्या कुटुंबाचं, नवरा पोलिसात. मालकिणीला २०२१मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर नियम बदलले. दर सहा महिन्यांच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर आता वजन-उंचीचं प्रमाण आणि अंगावरच्या संशयास्पद खुणाही बघतात. आणि १ जानेवारी २०२३पासून महिन्यात किमान एक सुट्टी अशी आहे की जी पैसे देऊन विकत घेता येत नाही. ती तिने घ्यायचीच.

सुट्टीचा हिशेब असा: आठवड्याला एक दिवस तिच्या हक्काचा. ती स्वखुशीने काम करायला तयार असेल तर त्या दिवसाचा पगार वेगळा, मासिक पगार भागिले २६. ६०० पगाराला २३ डॉलर होतात. मात्र महिन्यातली एक सुट्टी या हिशेबाच्या बाहेर. कित्येक घरं म्हणतात, "तिलाच नको असते सुट्टी, कुठे जाणार बिचारी." तिला कुठे जायचं ते चांगलं माहीत असतं. सिटी हॉलजवळच्या पेनिन्सुला प्लाझात रविवारी जाऊन बघा. तो अख्खा मॉल त्या दिवशी यांगोनचा बाजार असतो: मोहिंगा (माशाच्या रश्श्यातल्या शेवया), चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर, गालावर लावायचं थनाका, पैसे पाठवायची दुकानं, आणि आठवडाभर कुणाशीही स्वतःच्या भाषेत न बोललेल्या बायका. आमची हेल्पर पहिल्या रविवारी तिथून परतली तेव्हा तिचा घसा बसला होता.

पगार महिन्याच्या महिन्याला, मुदत संपल्यापासून सात दिवसांत. "तुझे पैसे माझ्याकडे सुरक्षित राहतील" म्हणून ते सांभाळून ठेवायला २०१९पासून बंदी आहे, तिने हात जोडून सांगितलं तरी. तिचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवणं हाही गुन्हा. या दोन्ही गोष्टी आजही 'तिच्याच भल्यासाठी' करणारी सज्जन मराठी माणसं मला माहीत आहेत.

खिडक्यांचं वेगळं सांगते. बाहेरच्या बाजूने खिडकी पुसायची तर जाळी बंद हवी आणि कुणी मोठं माणूस समोर उभं हवं, एरवी नाही. हेल्पर उंचावरून पडून मेल्यामुळे हा नियम आला. म्यानमारच्या खेड्यात बांबूच्या बैठ्या घरात वाढलेली मुलगी तुमच्या अठराव्या मजल्यावर पहिल्यांदाच उभी असते. सणासुदीला घर लख्ख करायची आपली हौस इथे आवरा. कपडे वाळत घालायचे बांबूही पहिले काही दिवस तुम्हीच बाहेर काढा.

राहायची जागा म्हणजे नुसती गादी टाकायची जागा नव्हे, थोडा आडोसा हवा. नव्या फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर असतं, जाड भिंतींची बिनखिडकीची कोठी. पुष्कळ घरांत हेल्पर तिथेच झोपते. झोपवायचंच असेल तर एक रात्र स्वतः दार लोटून झोपून बघा आणि मग पंख्याचं ठरवा.

जेवणाबद्दल सरकारला किती बारीक लिहावं लागलंय ते वाचून मला आधी हसू आलं होतं. नाश्त्याला ब्रेडच्या चार स्लाइस, दोन्ही वेळेला भात, भाजी, तळहाताएवढा मासा किंवा मांस, फळ. २४ किलो हा आकडा माहीत झाल्यावर हसू गेलं. मराठी घरात उपाशी कुणी ठेवत नाही, पण 'आम्ही खातो तेच ती खाते' हे आपण अभिमानाने सांगतो त्यात एक मेख आहे. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, रात्री खिचडी यावर ती जगेल, पण तिचं पोट भातावर वाढलेलं. सकाळीसुद्धा तिला भातच हवा असतो. आणि ङापी! मासे आंबवून केलेली ही लगदी तिच्या जेवणाचा जीव. शाकाहारी घरात तिचा वास म्हणजे महायुद्ध. आमच्याकडे तह झाला तो असा: घट्ट झाकणाची बरणी, वेगळी कढई, आणि आम्ही ऑफिसला गेल्यावरची वेळ. सुकट-बोंबलावर वाढलेल्या माझ्या सासूबाईंनी मात्र एकदा बरणी उघडून चव घेतली आणि "जवळ्याच्या चटणीसारखंच आहे की" म्हणाल्या. त्यानंतर तह शिथिल झाला.

बोलण्याचा एक घोळ सांगायलाच हवा. बर्मीज भाषेत 'आना' नावाची एक भावना आहे. आपला संकोच, भीड आणि 'उगाच कुणाला त्रास नको' यांची बेरीज करा, त्याच्या जवळ जाईल. या आनामुळे ती "कळलं नाही" असं म्हणत नाही, "हो" म्हणते. ते 'हो' म्हणजे 'तुम्ही बोललात ते ऐकलं' एवढंच. म्हणून कळलं का असं विचारू नका, करून दाखव म्हणा. फोनवरच्या भाषांतराचाही भरवसा नाही. जुन्या फोनवर तिकडे झॉजी नावाचा फाँट चालायचा, नव्यांवर युनिकोड. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये उघडल्यावर जो चिखल दिसायचा तो आठवा, तसंच.

तिच्या मागे काय चाललंय

१ फेब्रुवारी २०२१ला तिकडे लष्कराने सत्ता घेतली आणि यादवी पेटली. २०२४च्या फेब्रुवारीत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा अमलात आणला: पुरुष १८ ते ३५, स्त्रिया १८ ते २७. भाऊ लपून बसलाय, घर जाळलंय, गाव रिकामं झालंय, हे तिच्या फोनवर भांडी घासता घासता येत असतं. २८ मार्च २०२५ला मंडालेजवळ ७.७चा भूकंप झाला तेव्हा कितीतरी जणींना दोन-दोन दिवस घरचा फोन लागला नाही. अशा दिवशी काम होणार नाही, तेव्हा सांगूही नका.

पैसे पाठवण्यातही पेच आहे. कमाईतला चौथा हिस्सा अधिकृत मार्गानेच पाठवायचा, असा लष्करी सरकारने २०२३मध्ये नियम केला. सरकारी दराने डॉलरला मिळणारे क्यात (तिकडचं चलन) आणि बाजारातले क्यात यात मोठी तफावत असते, म्हणजे त्या हिश्शावर तिला सरळ तोटा. म्हणून पैसा दुसऱ्या वाटेने जातो आणि त्या वाटेला बर्मीज माणसंही 'हुंडी'च म्हणतात. शब्द आपल्याच पेढ्यांवरून तिकडे गेलेला. तुम्ही त्यात पडू नका, कुणाच्या खात्यात ट्रान्स्फर करून देऊ नका. सिंगापुरात विनापरवाना पैसे पाठवण्याचा धंदा करणं गुन्हा आहे आणि तुमचं नाव त्यात गुंतू शकतं. पगार तिच्या स्वतःच्या बँक खात्यात टाका. पुढचं ती बघेल.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. दोन वर्षांनी घरी सुट्टीवर जाणं इंडोनेशियाच्या बाईला सोपं आहे, हिला नाही. यांगोन विमानतळावरून पुन्हा बाहेर पडायला परदेशी कामाचं ओळखपत्र लागतं आणि नियम कधी बदलतील सांगता येत नाही. म्हणून बऱ्याच जणी जातच नाहीत, तिकिटाचे पैसे मागतात. करारात याची तजवीज आधीच लिहा: सुट्टी घेतली तर तिकीट, नाही घेतली तर तेवढी रक्कम.

एजन्सी निवडताना मनुष्यबळ मंत्रालयाच्या यादीत तिचा परवाना, किती बायका पहिल्या घरात टिकल्या आणि मालकांनी दिलेले शेरे हे सगळं दिसतं. 'फ्री रिप्लेसमेंट' मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्या एजन्सीपेक्षा बायका टिकवणारी बरी. बाई बदलण्यातही एजन्सीचा धंदाच असतो, हे लक्षात ठेवा. गावाकडची ओळखीची बाई आणायची कल्पना अनेकांना सुचते. भारत मान्य देशांच्या यादीत आहे, पण वय आणि शिक्षणाच्या अटी त्याच. टुरिस्ट व्हिसावर आणून घरात काम करून घेण्याचा विचारही नको.

आणि नाहीच जमलं तर? ट्रान्स्फर करा, म्हणजे तिला इथेच दुसरं घर शोधू द्या. लोन संपलेलं नसेल तर उरलेली रक्कम नवा मालक तुम्हाला देतो आणि कर्ज तिच्यासोबत पुढे जातं. तुमचं नुकसान भरून निघतं. तिच्या वहीत मात्र पुन्हा एक 'बाकी' उघडते. अगदीच परत पाठवायची वेळ आली तर तिकीट तुमच्या खर्चाने. यांगोनपर्यंतचं काढून मोकळं होऊ नका, आधी तिला विचारा की तिथून गावापर्यंतचा रस्ता सध्या चालू आहे का.

मैत्रिणीने शेवटी लोन दोन महिन्यांवर आणायला लावलं आणि ते पाच हप्त्यांत कापायचं ठरवलं. मुलगी पुढच्या आठवड्यात येतेय. काल मैत्रिणीचा पुन्हा फोन: "अगं, सकाळी भात म्हणजे साधा भात की फोडणीचा चालेल?"